लांडग्याला तीन हॉर्न

मराठी माणसाला गाणे आवडते, पण त्याहून जास्त निवेदन आवडते. दिवाळी पहाटेला गायक पाच मिनिटांत गाणे संपवून मोकळा होतो. निवेदक मात्र गाणे सुरू होण्याआधी रागाची वेळ, कवीचे मूळ गाव, संगीतकाराला चाल कुठे सुचली आणि तेव्हा बाहेर पाऊस पडत होता की नव्हता, एवढे सगळे सांगितल्याशिवाय माइक सोडत नाही. श्रोते शाली लपेटून ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाताना म्हणतात, "निवेदन काय सुंदर होतं!" गाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. अशा समाजात वाढलेल्या माणसाच्या हाती परमुलखातली सिंफनी, एक माइक आणि सभागृहभर मुले दिली, तर पुढे काय होणार हे कुणीही सांगू शकले असते. बराकपूरच्या आमच्या वसाहतीत ते कुणी सांगितले नाही.

मी बदलीने बराकपूरला आलो. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी हे गाव आहे. सियालदहहून लोकलने यायचे. पलीकडच्या तीरावरच्या श्रीरामपूरला जायला घाटावर फेरी मिळते. कंपनी सरकारची हिंदुस्थानातली पहिली छावणी इथे 1772 मध्ये पडली आणि 29 मार्च 1857 रोजी मंगल पांडे इथल्याच मैदानावर बंदूक घेऊन उभा राहिला. शाळेत एका मार्कासाठी घोकलेले गाव असे म्हातारपणाच्या उंबरठ्यावर पत्ता होऊन बसले. वसाहतीत बंगाली बहुसंख्य, मग बिहारी, तेलुगू, एक मल्याळी कुटुंब आणि मूठभर मराठी घरे. त्या घरांपैकी काहींत नुसता कर्ता पुरुष राहतो. मुलांच्या शाळेपायी कुटुंब महाराष्ट्रात आणि हे इथे कुकरच्या शिट्ट्या मोजत. सरकारी भाषेत यांना 'फोर्स्ड बॅचलर' म्हणतात. शेजारच्या ब्लॉकमधले आमचे एक भाऊ त्यांतलेच. त्यांचा उल्लेख शेवटी येईल.

सगळे सुरू झाले ते वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी भल्या पहाटे एक मजकूर पुढे ढकलला: मोझार्ट ऐकल्याने मुलांची बुद्धी वाढते. वर मेंदूचे चित्र, खाली जोडलेले हात.

मला गप्प बसता येत नाही. मी लगेच मूळ हकीकत लिहून टाकली. 1993 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचे एक छोटे टिपण आले. त्यांनी 36 विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटे ऐकवला आणि मग आकृत्यांची, कागदाच्या घड्यांची कोडी घातली. ती जरा बरी सुटली. हा परिणाम टिकला 10 ते 15 मिनिटे. शिवाय विद्यार्थी कॉलेजातले, पाळण्यातले नव्हेत. पण बातमी जगभर गेली ती 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' अशी. 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत फुकट मिळावे म्हणून सरकारी तिजोरीतून 1,05,000 डॉलर मागितले.

माझा समज असा, की एवढे वाचून विषय मिटेल. वहिनींचे उत्तर आले, "पंधरा मिनिटं टिकतं ना? मग पेपरच्या आधी गेटवर ऐकवायचं." त्याखाली एका तेलुगू आईची शंका: "गणिताला कुठली सिंफनी?" त्याखाली सेक्रेटरीबाबूंचा निर्णय: रविवारी मीटिंग, विषय सिंफनी, दादांनी (म्हणजे मी) माहिती घेऊन यावे.

बंगालमध्ये संस्कृतीचा विषय मीटिंगला आला, की चहा दोनदा होतो. सेक्रेटरीबाबूंनी सुरुवातीलाच बजावले, की पाश्चात्त्य संगीत इथे कुणाला नवीन नाही. रवींद्रनाथ तरुणपणी विलायतेला जाऊन आले आणि 1881च्या 'वाल्मीकि प्रतिभा'त त्यांनी तिकडच्या चाली वापरल्या. कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक 1915 पासून चालू आहे. मी म्हणालो, मुंबईतही मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. "1915," सेक्रेटरीबाबू पुन्हा म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

पुढचा विषय म्हणजे खर्च. मी सांगितले, पूर्ण ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर माणसे सहज होतात.

"एवढी कशाला?" खजिनदार.

"नुसती व्हायोलिनंच वीस-पंचवीस असतात."

"सगळी वेगळं वाजवतात?"

"नाही, पहिल्या व्हायोलिनवाले सगळे एकच वाजवतात."

खजिनदारांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. त्यांची सारी नोकरी ऑडिटमध्ये गेली आहे. "आणि तो झांजा घेऊन मागे उभा असतो, तो?"

"तो कधीकधी सबंध सिंफनीत एकदाच वाजवतो."

"आणि पगार?"

त्यानंतर ऑर्केस्ट्रा आणायचा विषय कुणी काढला नाही. ठरले असे: बरेचसे संगीत स्पीकरवर वाजवायचे, जमेल तेवढे पंचक्रोशीतल्या वादकांकडून करून घ्यायचे आणि मुलांना कळावे म्हणून मध्ये मध्ये कुणीतरी समजावून सांगायचे. हे कुणीतरी मी. माझी पात्रता अशी, की गणपतीत हरवलेल्या चपलांची घोषणा मी करतो आणि ती फाटकापर्यंत ऐकू येते.

मी तयारीला लागलो. या धंद्याचा मूळपुरुष लेनर्ड बर्नस्टाइन. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा हा संचालक 18 जानेवारी 1958 रोजी मुलांच्या मैफलीसाठी कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला आणि पुढे 1972 पर्यंत त्याने असे 53 कार्यक्रम केले, तेही टेलिव्हिजनवर. पहिल्याच कार्यक्रमात त्याने रोसिनीची विल्यम टेलची प्रसिद्ध धून वाजवली. मुलांना ती एका घोडेस्वाराच्या मालिकेतून पाठ होती, म्हणून ती ओरडली. मग त्याने त्यांना शांतपणे पटवून दिले, की हे संगीत घोडेस्वाराबद्दल नाही, कुठल्याच गोष्टीबद्दल नाही. संगीत हे सुरांबद्दल असते. मी रोज रात्री त्याची चित्रफीत लावून बसू लागलो. तो बोलता बोलता कपाळावरचे केस मागे सारतो. ती लकब मी उचलली. माझ्या कपाळावर सारायला काही नाही, त्यामुळे ही म्हणाली, "डोकं दुखतंय का? बाम देऊ?"

बर्नस्टाइन म्हणतो, संगीतात गोष्ट नसते. मी मुख्य म्हणून जी रचना निवडली ती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत गोष्टच आहे. प्रोकोफिएवची 'पीटर अँड द वुल्फ'. मुलांना वाद्ये ओळखता यावीत म्हणून मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी त्याने ती लिहिली आणि 2 मे 1936 रोजी ती पहिल्यांदा वाजली. तेव्हा गर्दी बेताची होती आणि फारसे कुणी लक्षही दिले नाही. आपला झुबिन मेहता त्याच्या बरोबर तीन दिवस आधी, 29 एप्रिलला मुंबईत जन्मला. मीटिंगमधल्या त्या 1915ची परतफेड म्हणून मी हे सेक्रेटरीबाबूंना जिन्यात अडवून सांगितले.

गोष्टीत प्रत्येक पात्राला एक वाद्य आहे. पीटर म्हणजे तंतुवाद्ये, पक्षी म्हणजे फ्लूट, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, बदक म्हणजे ओबो, आजोबा म्हणजे बसून, लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न, आणि शिकाऱ्यांच्या बंदुका म्हणजे टिंपनी व मोठा ड्रम. आता ही मंडळी बराकपुरात शोधायची. पीटर लगेच मिळाला. घरोघर जाऊन व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर होते. पक्ष्यासाठी कॉलेजातला बासरीवाला आला. छावणीच्या गावाला क्लॅरिनेटची काय वाण! फौजी बँडातून निवृत्त झालेले एक हवालदार आनंदाने मांजर व्हायला तयार झाले. फक्त मांजर दबकत चालते हे त्यांना पटेना. त्यांचे मांजर कदमतालात चालले, शेवटपर्यंत.

ओबो मात्र कुणाकडे नव्हता. ओबो वेताच्या दोन पातळ पट्ट्यांच्या फटीतून फुंकून वाजतो, आपली सनईही तशीच दुहेरी पातीची. म्हणून बदकासाठी सनईवाल्याला बोलावले. बसूनऐवजी रवींद्रसंगीत शिकवणाऱ्या दिदींची पेटी. त्यांची अट एकच: आजोबा घरंदाज वाटले पाहिजेत. बंदुकांसाठी ढाकी आला, दुर्गापूजेत आमच्याकडे नेहमी येतो तोच. राहिला लांडगा. मी लग्नाच्या बँडवाल्याकडे गेलो.

"तीन हॉर्न? दोन ट्रम्पेट आणि एक युफोनियम देतो," तो म्हणाला. "पगडी-ड्रेस हवा?"

"हवा."

"दिव्यांची माळ?"

"लांडगा आहे हो. जंगलातून येतो."

"मग जनरेटर तुमचा."

दरम्यान पालकांनी कार्यक्रमाला शिस्त लावायला घेतली. प्रत्येक मुलाने वही-पेन आणावे असे ठरले. कार्यक्रमानंतर वीस प्रश्नांची चाचणी ठरली. पहिला प्रश्न: हायडनचा जन्म कोणत्या साली झाला? मी म्हणालो, मुले ऐकायला येताहेत. एक बाबा म्हणाले, "ऐकलं की नाही हे कळणार कसं?" प्रमाणपत्रे तर आधीच छापून आली होती: 'सिंफनी यशस्वीरीत्या ऐकल्याबद्दल.'

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. डिसेंबर होता, बंगाली घरांतून कान झाकणाऱ्या माकडटोप्या बाहेर पडल्या होत्या. त्या टोप्या घालूनच मुलांना पुढच्या रांगांत बसवण्यात आले. संगीत ऐकायला आलेल्या मुलांचे कान झाकलेले आहेत, हे मी एका आजीच्या कानी घातले. आजी म्हणाली, "आधी थंडी, मग मोझार्ट."

समई लावली. वारा होता, म्हणून पुन्हा लावली. पाहुण्यांना उत्तरीय घातले, पाहुण्यांच्या पत्नीला उत्तरीय घातले, मग लक्षात आले म्हणून ध्वनिव्यवस्थेवाल्यालाही घातले. प्रमुख पाहुण्यांनी संस्कृती या विषयावर भाषण केले. ते चालू असतानाच मुलांमध्ये एक बातमी पसरली, की शेवटी मिळणाऱ्या पाकिटात कचोरी, सिंगाडा आणि लेडीकेनी आहे. लेडीकेनी हे गुलाबजामाचे बंगाली भावंड. व्हाइसरॉय कॅनिंगच्या बायकोच्या नावावरून नाव पडलेले. ती बाई 1861 मध्ये गेली आणि इथेच, बराकपूरला पुरली गेली. मी ही माहिती माझ्या निवेदनात घातली होती. कार्यक्रमभर मुलांनी लिहून घेतलेले पहिले वाक्य ते.

सुरुवात हायडनच्या 94व्या सिंफनीने, जिला 'सरप्राइज' म्हणतात. लंडनमध्ये 23 मार्च 1792 रोजी ती पहिल्यांदा वाजली. तिच्या दुसऱ्या भागात एक साधी, गोड धून हळू येते, मग आणखी हळू येते आणि सोळाव्या बारला सगळा ऑर्केस्ट्रा अचानक धडाडतो. मैफलीत पेंगणाऱ्यांना जागे करण्यासाठी त्याने ही खोडी काढली अशी आख्यायिका आहे. हायडनचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते: त्याला लोकांना काहीतरी नवे देऊन चकित करायचे होते. काहीही असो, गंमत सगळी न सांगण्यात आहे.

मी माइक घेतला आणि म्हणालो, "मुलांनो, आता फार हळू वाजेल. मग अजून हळू वाजेल. आणि मग अचानक, तुम्हाला कळणारही नाही अशा वेळी, सोळाव्या बारला, धडाम!"

मुले बार मोजू लागली. तेवढ्यात मल्याळी कुटुंबातल्या आईने ध्वनिव्यवस्थेवाल्याच्या कानात सांगितले, की लहान मुले दचकतील, तेव्हा आवाज जरा कमी ठेवा. त्या पोराने इमानेइतबारे बरोबर सोळाव्या बारला आवाज उतरवला. 'सरप्राइज' सिंफनी इतकी शांततेत जगात कुठेच पार पडली नसेल. प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत झोपले होते ते झोपलेलेच राहिले.

"काका, धडाम कुठंय?" मुलांनी विचारले. म्हणून पुन्हा लावले, या वेळी आवाज पुरा सोडून. पाहुणे ताडकन उठले, आपले नाव पुकारले असे समजून थेट माइकपाशी आले आणि त्यांनी संस्कृती या विषयावरचे भाषण परत केले. मुलांना हे फारच आवडले. हायडन विनोदी माणूस होता याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

मग मोझार्टची 40वी. व्हायोलिनच्या मास्तरांनी तिचे सुरुवातीचे सूर छेडले मात्र, मागच्या रांगांतली सगळी वडीलधारी मंडळी एकसुरात गाऊ लागली. 1961च्या 'छाया' चित्रपटात सलील चौधरींनी याच सुरांवर तलत-लताचे गाणे बांधले आहे, आणि सलीलदा म्हणजे बंगालच्या घरचे. मुले वळून आपल्या आजी-आजोबांकडे बघत राहिली. गाणे संपल्यावर एक दादू उभे राहिले.

"ही चाल मोझार्टने सलीलदांकडून घेतली, हे मुलांना सांगायला हवं."

मी नम्रपणे म्हणालो, "मोझार्टनं ही 1788 मध्ये लिहिली."

"असेल," दादू म्हणाले. "पण गाजली कधी?"

टाळ्यांचा प्रश्न याच वेळी उपटला. मी मुलांना आधीच बजावले होते, की सिंफनीचे भाग असतात आणि मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिकडे ते अडाणीपणाचे समजतात. दादू प्रत्येक चांगल्या जागेला "आहा!" म्हणत होते. एका मातेने त्यांना "श्शू" केले. दादूंनी माझ्याकडे दाद मागितली आणि इतिहास खरोखरच त्यांच्या बाजूने होता. 1778 मध्ये पॅरिसला मोझार्टची सिंफनी वाजली तेव्हा लोकांनी चालू भागातच टाळ्या दिल्या. मोझार्टला इतका आनंद झाला, की कार्यक्रमानंतर त्याने जाऊन आइस्क्रीम खाल्ले आणि बापाला तसे पत्र लिहिले. बेथोवेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग तर 1813 मध्ये लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. गप्प बसून खोकला दाबायची रीत नंतरची. हे ऐकल्यावर दादूंनी "आहा"चा आवाज वाढवला आणि मुलांनी पाकिटात आइस्क्रीमही आहे का याची चौकशी केली.

इथे वीज गेली. बंगालमध्ये हिला आजही 'लोडशेडिंग' म्हणतात आणि लगेच मेणबत्त्या निघतात. वेळ भरून काढायचा म्हणून मी सांगितले, की 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात बेथोवेनने आपली पाचवी आणि सहावी सिंफनी पहिल्यांदा एकाच बैठकीत ऐकवली. बरोबर पियानो कॉन्चेर्टो आणि आणखी बरेच काही. कार्यक्रम चार तास चालला, नाट्यगृहात कडाक्याची थंडी, आणि शेवटची रचना मध्येच कोलमडली ती पुन्हा वाजवावी लागली.

"त्यांचीपण लाइट गेलेली?" एका मुलीने विचारले.

मग लुलीची गोष्ट. हा फ्रान्सच्या राजदरबारी संगीतकार. त्या काळी संचालक जाड काठी जमिनीवर आपटून ठेका देत. लुलीने जोशात ती स्वतःच्या पायावर मारली, जखम चिघळली, पाय कापायला तो तयार होईना, कारण तो नर्तकही होता, आणि 1687 मध्ये त्यातच गेला. ही गोष्ट मी संचालकाचे काम समजावण्यासाठी सांगितली. मुलांनी माझ्या पायांकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातात घरून आणलेले लाटणे होते. त्यांची थोडी निराशा झाली असे वाटले.

वीज आली आणि 'पीटर अँड द वुल्फ' सुरू झाले. पीटर कुरणात आला, पक्षी झाडावर बोलला, मांजर परेड करत आले, सगळे ठीक. मग बदक डुलत डुलत तळ्याकडे निघाले, म्हणजे सनई सुरू झाली, आणि मागच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. सनई ऐकली की पाठवणी आठवते, त्याला प्रोकोफिएव काय करणार? दिदींच्या पेटीवरचे आजोबा इतके घरंदाज निघाले, की पीटरला रागवायला त्यांना सबंध अंतरा लागला. आणि मग लांडगा.

लांडग्याने सोनेरी झालरीचा लाल कोट घातला होता. तिघांनी गाल फुगवून पहिला सूर लावला तेव्हा पुढच्या रांगेतली लहानगी खरोखर आईच्या मांडीवर पळाली. माझ्या अंगावर काटा आला. दुसरा सूरही तसाच भयानक आणि अचूक. पण माणसे इतकी वर्षे वरातीत वाजवत आलेली. तिसऱ्या सुराला बोटे आपोआप सवयीच्या वाटेला लागली आणि लांडगा नवरदेवासारखा नाचत मंडपात शिरला. शिकाऱ्यांच्या बंदुका झडायच्या त्या दोन-चार बार. ढाकीने चार बार काढले, पाचवा काढला, आणि ढाक एकदा लागला की आरती झाल्याशिवाय थांबत नाही हे मी विसरलो होतो असे नाही, पण थांबवणार कोण? दोघी-तिघी बायका उठून धुनुची नाच करू लागल्या. रशियाच्या जंगलात अष्टमीची संध्याकाळ उतरली.

शेवटी मी ओरडून गोष्ट पुरी केली. लांडगा पकडला जातो, त्याची मिरवणूक प्राणिसंग्रहालयाकडे निघते आणि कान देऊन ऐकले तर त्याच्या पोटातून बदकाचा आवाज येतो, कारण घाईत त्याने ते जिवंतच गिळलेले असते.

सभागृहात शांतता पसरली.

"मग काढा ना बाहेर," आमची धाकटी म्हणाली.

"गोष्ट तिथेच संपते."

"म्हणजे ते आत आहे? अजून?"

पुढची काही मिनिटे सभा माझ्या ताब्यात नव्हती. एक्स-रे काढावा असा एक पक्ष. लांडग्याला उलटीचे औषध द्यावे असा दुसरा. आणखी एकाने सुचवले, की लांडग्याला इथेच आणा. ते अगदीच वावगे नव्हते; लॉर्ड वेलस्लीने बराकपूरच्या बागेत प्राणिसंग्रहालय उभारले होते, आणि तेही लंडनचे 1828चे प्राणिसंग्रहालय निघायच्या बऱ्याच आधी. दादूंनी थंडीत बदकाचे कालवण कसे लागते हे सांगायला तोंड उघडले, त्यांना सूनबाईंनी बसवले. सनईवाला बिचारा पोटातले बदक वाजवायला थांबला होता. मुलांनी त्याला गराडा घातला. "तुम्ही ठीक आहात ना?"

समारोपाला हायडनचीच 'फेअरवेल' ठेवली होती. ही 1772ची, म्हणजे बराकपूरच्या छावणीच्याच वयाची. हायडन प्रिन्स एस्तरहाझीच्या पदरी होता. प्रिन्सला आपला आडगावचा उन्हाळी महाल फार आवडे. त्या वर्षी तो तिथून हलेचना, वादकांची बायकामुले मात्र दूर आयझेनश्टाटला. प्रिन्सला सांगणार कोण? हायडनने सिंफनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपले वाजवून झाले की मेणबत्ती विझवतो, वाद्य उचलतो आणि निघून जातो. शेवटी उरतात दोन व्हायोलिने.

हे मी सांगितले आणि आमचे वादक, ठरल्याप्रमाणे, स्पीकरवरच्या सुरांबरोबर एकेक करून उठू लागले. पहिला बासरीवाला गेला. त्यापाठोपाठ पहिली रांग गेली. कार्यक्रम संपला असे समजून पालकांनी पाकिटांच्या टेबलाकडे धाव घेतली. ट्रम्पेटवाले जाताना पाहून खजिनदार त्यांच्यामागे धावले; पैसे न मिळाल्याने ते निघाले असा त्यांचा समज. आमच्या युनियनचे एक जुने पुढारी मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. "घोषणा नाही, घेराव नाही, वॉकआउट काय शिस्तीत!" शेवटची दोन व्हायोलिने वाजली तेव्हा सभागृहात वाजवणारे मास्तर, ऐकणारे शेजारच्या ब्लॉकमधले भाऊ आणि खुर्च्या उचलणारा मुलगा, एवढेच उरले होते.

भाऊ पुढे आले. "मग प्रिन्सनं सोडलं का त्यांना?"

"दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलवला म्हणतात."

भाऊ जरा थांबले. "त्या अर्जाची कॉपी मिळेल का?"

चाचणी पुढच्या रविवारी झाली. हायडनचा जन्म 1732चा, हे एकाही मुलाला आले नाही. प्रश्न काढणाऱ्या बाबांनाही उत्तरपत्रिका पाहावी लागली. लुली कशाने गेला हे सगळ्यांना आले. लांडग्याला किती हॉर्न, हेही सगळ्यांना आले. संध्याकाळी फाटकाजवळ हल्ली तीन मुले मिळून एक लांडगा होतात आणि चौथे पोट धरून आतून क्वॅक क्वॅक करते. मोझार्टने कुणाचे गणित सुधारल्याची बातमी अद्याप ग्रुपवर आलेली नाही.

तुमच्या वसाहतीत असे काही करायचे मनात असेल तर 'पीटर अँड द वुल्फ'पासून करा. साधारण पंचवीस मिनिटांचे आहे, गोष्ट त्यातच सांगितलेली असते, वेगळा निवेदक लागत नाही. तरीही कुणी आपणहून माइक मागायला आलाच, तर त्याला पाकिटे वाटायच्या कामाला लावा. आणि त्या टेबलाकडे कुणालाही शेवटच्या सुराआधी फिरकू देऊ नका, विशेषतः पालकांना.